‘पान्हा’ आणि ‘दुग्धस्राव’ : पशुशरीरविज्ञानाच्या मराठी परिभाषेविषयी

दुभत्या जनावरांविषयी मराठीत जे शास्त्रीय वा अर्धशास्त्रीय लेखन होते, त्यात दोन भाषा शेजारी शेजारी नांदताना दिसतात. धार कशी काढावी, कास कशी धुवावी, वासरू केव्हा सोडावे हे सांगताना लेखक ‘पान्हा’ हा शब्द निःसंकोच वापरतो. परंतु पान उलटून तो शरीरक्रियेच्या विवेचनाकडे वळला की हा शब्द नाहीसा होतो, आणि त्याच्या जागी ‘दुग्धस्राव’, ‘दुग्धस्रवण’, ‘संप्रेरकांचा स्राव’ अशी पदावली अवतरते. पहिली भाषा गोठ्यातली, दुसरी वर्गातली. दोहोंत एकाच घटनेविषयी बोलणे चालले आहे याची खूण वाचकाला क्वचितच पटते. लेखकाला तरी ती पटली आहे काय, अशी शंका पुष्कळ ठिकाणी यावी.

हा केवळ रुचीचा प्रश्न असता तर त्याची चर्चा करण्याचे प्रयोजन नव्हते. संस्कृत शब्द जड वाटतात आणि देशी शब्द गोड वाटतात, ही तक्रार जुनी आहे आणि बहुधा पोकळ आहे. रूढ झाला की जड शब्दही हलका होतो. येथील प्रश्न निराळा आहे. गायीच्या मेंदूतील रसायने तिच्या शरीरातील संप्रेरकांवर कसा अंमल चालवतात, हा विषय मराठीतून मांडावयाचा तर काही भेद शब्दांत पकडता आले पाहिजेत. त्यांतील निदान एक भेद गोठ्याच्या भाषेत स्पष्ट आहे आणि वर्गाच्या भाषेत पुसला गेला आहे. हा पुसला गेलेला भेद पुढे दुधाच्या धंद्यात, आणि जनावराच्या अंगावर, कसा उमटतो हे पाहण्याजोगे आहे.

तो भेद असा. कासेत दूध तयार होणे ही एक क्रिया. तयार झालेले दूध सडांत उतरणे ही दुसरी. पहिली दिवसरात्र संथपणे चालते. दुसरी काही मिनिटांपुरती घडते, आणि घडली नाही तर भरलेल्या कासेतूनही बहुतेक दूध हाती येत नाही. कासेतील दूध मुख्यतः असंख्य सूक्ष्म पिशव्यांत साठलेले असते. संकरित वा विदेशी गायीत सडांवरच्या पोकळीत आपोआप उतरून राहणारे दूध सुमारे पाचवा हिस्सा भरते; म्हशीत ते सुमारे ५ टक्क्यांवर येते. उरलेले दूध त्या सूक्ष्म पिशव्यांभोवतीच्या आकुंचनशील पेशींनी पिळून बाहेर लोटल्याशिवाय येत नाही. या पेशींना आकुंचन पावण्यास लावणारे द्रव्य म्हणजे ऑक्सिटोसिन. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या अधश्चेतकातील चेतापेशींत तयार होते, त्याच पेशींच्या लांब तंतूंतून पीयूषिकेच्या मागील खंडात येऊन साठते, आणि सडाला स्पर्श झाला, वासराने ढुशी दिली, किंवा नुसता चरवीचा आवाज झाला तरी रक्तात सोडले जाते. रक्तात त्याचे आयुष्य मिनिटांचे असते.

पाश्चात्त्य शरीरविज्ञानाला हे दोन व्यापार वेगळे आहेत हे मान्य करावयास वेळ लागला. दूध धार काढतानाच मोठ्या प्रमाणात तयार होते, असे मत विसाव्या शतकाच्या आरंभी प्रचलित होते. १९१० साली ऑट आणि स्कॉट यांनी पीयूषिकेच्या मागील खंडाचा अर्क शेळीला टोचला असता दूध एकदम वाहू लागल्याचे नमूद केले. परंतु त्या अर्काने दूध ‘निर्माण’ झाले की ‘बाहेर पडले’, हा निवाडा त्या प्रयोगाने लागला नाही. १९१५ मध्ये गेन्स यांनी निर्मिती आणि निष्कासन यांतील भेद स्पष्ट शब्दांत मांडला. त्यांच्या या भेदाचे महत्त्व ओळखले जाण्यास आणखी पाव शतक जावे लागले.

मराठी गवळ्याला हा भेद गेन्स यांच्यापासून शिकावयाचा नव्हता. ‘गायीला दूध आहे, पण पान्हा नाही’ हे वाक्य मराठीत पूर्णपणे अर्थपूर्ण आहे. त्यातील पहिला भाग निर्मितीविषयी, दुसरा निष्कासनाविषयी. दूध ‘आटते’, पान्हा ‘फुटतो’, ‘सोडला जातो’, ‘चोरला जातो’. क्रियापदांची ही वाटणी पाहिली की दोन नामांमागे दोन घटना आहेत हे कोणाही भाषाभ्यासकाच्या ध्यानात यावे.

शब्दाचा इतिहास याला पुष्टी देतो. ‘पान्हा’ हा संस्कृत ‘प्रस्नव’ या शब्दाचा वंशज. प्राकृतात ‘प्र’चा ‘प’ आणि ‘स्न’चा ‘ण्ह’ होऊन ‘पण्हव’, ‘पण्हअ’ अशी रूपे झाली; मराठीत ‘ण्ह’चा ‘न्ह’ झाला आणि मागील स्वर दीर्घ झाला. ‘स्नान’पासून ‘न्हाण’ आणि ‘कृष्ण’पासून ‘कान्हा’ ज्या वाटेने आले, तीच ही वाट. मूळ धातू ‘स्नु’. लक्षात घेण्याची गोष्ट ही की संस्कृतात ‘स्नु’ आणि ‘स्रु’ हे दोन वेगळे धातू आहेत, आणि मायेच्या दुधासाठी विशेषेकरून योजला गेला तो पहिला. कालिदासाच्या ‘रघुवंशा’च्या पहिल्याच सर्गात नंदिनी धेनू अरण्यातून परतते तेव्हा वासरू दृष्टीस पडताच तिच्या कोमट दुधाने भूमी भिजते, कवीने तेथे ‘प्रस्नव’ हाच शब्द वापरला आहे, आणि त्याचे कारण म्हणून वत्साचे दर्शन सांगितले आहे, स्पर्श नव्हे. वासरू अजून पोचलेले नाही; दूध सुटले आहे. आजचे शरीरविज्ञान ज्याला अभिसंधित प्रतिक्षेप म्हणते, त्याचे याहून नेमके वर्णन शोधून सापडावयाचे नाही.

मग परिभाषाकारांनी ‘स्रु’ धातूची निवड का केली? उत्तर सरळ आहे. त्यांच्यापुढे इंग्रजी शब्द होता, गाय नव्हती. ज्या इंग्रजी शब्दासाठी ‘स्राव’ योजला गेला त्याच्या मुळाशी लॅटिनमधील ‘वेगळे काढणे’ ही कल्पना आहे: रक्तातून काही द्रव्ये निवडून त्यांतून नवे द्रव्य घडवणे आणि ते बाजूला करणे. ‘स्राव’ या शब्दात घडवण्याची छटा मुळीच नाही. ‘रक्तस्राव’, ‘गर्भस्राव’ या रूढ शब्दांत जे वाहते ते आधीच असते, आणि बहुधा वाहू नये ते वाहते. ‘अंतःस्रावी ग्रंथी’ हा शब्द आता इतका रुळला आहे की तो हलवण्याचा विचार कोणी करू नये. शिवाय तेथे निर्मिती आणि उत्सर्ग यांतला फरक वाचकाला फारसा नडत नाही. पण ‘दुग्धस्राव’ म्हटले की नडतो. हा शब्द ऐकणाऱ्याच्या मनात दूध वाहण्याचे चित्र येते, लिहिणाऱ्याच्या मनात मात्र कधी दूध बनण्याचा, कधी वाहण्याचा, आणि कधी वेताच्या सबंध दुभत्या काळाचा अर्थ असतो. एका शब्दावर तीन अर्थांचे ओझे पडले की विद्यार्थी तो पाठ करतो आणि पुढे जातो.

या गोंधळाचे एक फळ म्हणजे ‘ऑक्सिटोसिनमुळे दुग्धस्राव वाढतो’ या धाटणीचे वाक्य. त्याचा खरा अर्थ एवढाच की कासेत असलेले दूध अधिक पूर्णपणे बाहेर येते. वाचक मात्र असा अर्थ घेतो की टोचणीने दूध अधिक बनते. दूध बनवण्याचे काम मुख्यतः पीयूषिकेच्या पुढील खंडातील संप्रेरकांकडे आहे. रशियात १९३७ साली असिमोव्ह आणि क्रूझ यांनी गायींना या खंडाचा अर्क टोचून दूध वाढल्याचे दाखवले होते, आणि गायीच्या बाबतीत वाढसंप्रेरकाचा त्यातील वाटा पुढे निश्चित झाला. मागील खंड वेगळा, पुढील खंड वेगळा. एकाचे द्रव्य थेट मेंदूच्या पेशींतून उतरते, दुसऱ्याला मेंदूकडून येणाऱ्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून सूचना मिळतात. ‘पान्हा’ आणि ‘दूध’ ही वाटणी कायम ठेवली असती तर मागील व पुढील खंडांची वाटणी विद्यार्थ्याला तिच्या आधाराने शिकवता आली असती.

परंतु येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. देशी शब्द भेद टिकवतो म्हणून तो सर्वस्वी सत्य सांगतो असे नाही. आपल्या पूर्वजांना सारे ठाऊक होते, अशा थाटाचे जे लेखन अधूनमधून होते, त्याने परिभाषेचेही भले होत नाही आणि पूर्वजांचेही. ‘पान्हा चोरणे’ हा वाक्प्रचारच घ्यावा. गाय वासरासाठी दूध राखून ठेवते, मालकापासून लपवते, असा त्यात आरोप आहे. क्रियापद सकर्मक, कर्ता गाय, आणि क्रिया हेतुपूर्वक. आता ‘गायीला पान्हा फुटला’ हे वाक्य पाहावे. येथे गाय चतुर्थीत आहे. ‘त्याला घाम फुटला’, ‘तिला रडू कोसळले’, ‘मला भूक लागली’ या वाक्यांच्या कुळातली ही रचना. ज्याच्या बाबतीत काही घडते, पण जो ते घडवून आणत नाही, त्याला मराठी या जागी बसवते. मराठी व्याकरण एकाच घटनेकडे अशा दोन दृष्टींनी पाहते, आणि त्यांतील एकच शरीरविज्ञानाच्या कसोटीस उतरते.

ही कसोटी १९४१ मध्ये लागली. अमेरिकेत इली आणि पीटरसन यांनी गायीच्या अर्ध्या कासेकडे जाणारे चेतातंतू तोडले आणि उरलेला अर्धा भाग तसाच ठेवला. दोन्ही अर्धांतून दूध सारखेच उतरले. म्हणजे निरोप कासेपर्यंत तंतूंनी नव्हे, रक्ताने पोचत होता. नंतर त्यांनी गायींना भिवविण्याचा उद्योग केला: गायीच्या पाठीवर मांजर ठेवावयाचे आणि दोन मिनिटे दर दहा सेकंदांनी कागदी पिशवी फोडावयाची. पुढे मांजराची आवश्यकता नाही असे आढळल्यावर केवळ पिशव्यांवर भागले. भ्यालेल्या गायीने दूध उतरवले नाही, आणि ॲड्रेनॅलिन टोचल्यावरही तोच परिणाम दिसला. त्यावरून असे मानले गेले की भीतीने सुटलेले ॲड्रेनॅलिन कासेतील रक्तवाहिन्या आवळते आणि ऑक्सिटोसिनला वाट मिळू देत नाही.

हे स्पष्टीकरण अर्धे खरे होते. १९९० च्या दशकात स्वित्झर्लंड व जर्मनी येथील संशोधकांनी अनोळखी जागी धार काढलेल्या गायींच्या रक्तातील ऑक्सिटोसिन प्रत्यक्ष मोजले, तेव्हा ते वाढलेलेच आढळले नाही. बाहेरून टोचताच मात्र दूध उतरले. अडथळा कासेत नव्हता. मेंदूच द्रव्य सोडत नव्हता. अशा गायींच्या रक्तात कॉर्टिसॉल आणि बीटा-एंडॉर्फिन वाढलेली असतात, परंतु अफूसदृश द्रव्यांना रोखणारे औषध देऊनही पान्हा परत आला नाही. तेव्हा त्या अडथळ्यामागील नेमके रसायन कोणते, याचा शोध तेवढ्याने संपला नाही. एवढे निश्चित की नव्या गोठ्यात बांधलेली, पहिलारू, बावरलेली गाय चोर नसते. ‘चोरणे’ हे क्रियापद तिच्यावर आरोप ठेवते, आणि आरोपानंतर शिक्षा येते: कोणी पायात दावे आवळतो, कोणी शेपटी पिरगळतो. शिक्षेने भीती वाढते, आणि भीतीने पान्हा आणखी दूर जातो. वाक्प्रचार हा निरुपद्रवी अलंकार असतो असे मानणाऱ्यांनी या साखळीकडे पाहावे.

वर्गाची भाषाही अलंकारांपासून मुक्त नाही. तिचे अलंकार कचेरीतले आहेत एवढेच. मेंदू ‘आज्ञा देतो’, पीयूषिका ‘नियंत्रण करते’, रसायने ‘संदेश पोहोचवतात’, ग्रंथी ‘कार्यवाही करतात’. जणू सचिवालयातून फायली खाली सरकत आहेत. या रूपकाची मर्यादा प्रोलॅक्टिनच्या बाबतीत उघडी पडते. हे संप्रेरक पीयूषिकेच्या पुढील खंडातून निघते. पण मेंदूच्या आज्ञेने निघते असे म्हणणे चुकीचे आहे. अधश्चेतकातून येणारे डोपामिन त्याला सतत अडवून धरते. वासरू पिऊ लागले की ती पकड सैल होते आणि प्रोलॅक्टिन सुटते. डोपामिनची नक्कल करणारी औषधे दिली तर गायीच्या रक्तातील प्रोलॅक्टिन झपाट्याने घटते. येथे मेंदू हुकूम सोडत नाही. तो हात आखडता घेतो. दावे ढिले करणारा आणि आवळणारा गुराखी हे रूपक या ठिकाणी सचिवालयाहून अधिक जवळचे ठरते, जरी तेही ताणले तर तुटेल.

याच कारणाने ‘संप्रेरक’ या शब्दाचाही विचार करावयास हवा. १९०५ मध्ये स्टार्लिंग यांनी ‘हॉर्मोन’ हा शब्द प्रथम वापरला तो ‘गती देणे, चेतवणे’ या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून. ‘संप्रेरक’ हे त्याचे चोख भाषांतर आहे, आणि भाषांतर चोख असल्यामुळेच मूळचा दोषही त्यात उतरला आहे. १९७३ साली सापडलेले सोमॅटोस्टॅटिन वाढसंप्रेरकाला थोपवते. त्याला ‘प्रेरक’ म्हणणे म्हणजे पहारेकऱ्याला वाटाड्या म्हणण्यासारखे आहे. इंग्रजी वाचकाला ‘हॉर्मोन’चे ग्रीक मूळ ठाऊक नसते, म्हणून त्याला हा विरोध जाणवत नाही. मराठी वाचकाला ‘प्रेर्’ धातू ऐकू येतो. पारदर्शक शब्दाची ही किंमत आहे: तो समजावून सांगतो, आणि सांगताना चुकीचेही सांगून जातो. मराठी विश्वकोशाने ‘हॉर्मोने’ या शीर्षकाखाली नोंद केली आणि पाठ्यपुस्तकांनी ‘संप्रेरक’ रूढ केले. दोहोंत विश्वकोशाचा निर्णय अधिक दूरदर्शी होता. आता मात्र शाळेतून शिकून आलेल्या पिढ्यांनी ‘संप्रेरक’ पचवला आहे, आणि कालांतराने त्यातील ‘प्रेर्’ही बधिर होईल.

‘पीयूषिका’ची गोष्ट याच्या उलट आहे. मूळ शब्द लॅटिनमधील कफवाचक शब्दावरून आलेला, कारण या ग्रंथीतून नाकात कफ उतरतो असा जुन्या वैद्यांचा समज होता. परिभाषाकाराने बहुधा केवळ ध्वनीचे साम्य साधले. परंतु ‘पीयूष’ या शब्दाला अमरकोशात अमृत हा अर्थ आहे तसाच नव्या व्यालेल्या गायीचे दूध, म्हणजे आपला चीक, हाही अर्थ आहे. दुधाची निर्मिती आणि पान्हा या दोहोंची सूत्रे जिच्यातून जातात त्या ग्रंथीला चिकाचे नाव मिळावे, हा योगायोग असला तरी सुरेख आहे. विश्वकोशातील ‘पोष ग्रंथि’ अर्थाच्या दृष्टीने सोज्ज्वळ, पण कोणत्याही ग्रंथीला लागू पडेल इतकी सैल.

द्रव्यांची नावे मात्र भाषांतरित करण्याच्या फंदात कोणी पडू नये. ऑक्सिटोसिनचा ग्रीक अर्थ ‘शीघ्र प्रसव’ असा आहे. १९०६ मध्ये डेल यांनी पीयूषिकेच्या अर्काचा गर्भाशयावरील परिणाम पाहिला, त्यातून ते नाव पुढे पडले, आणि पान्ह्याशी त्याचा काही संबंध नाही. दु व्हिन्यो यांनी १९५३ मध्ये या नऊ घटकांच्या साखळीची कृत्रिम घडण केली, १९५५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, आणि नाव आहे तेच राहिले. अलीकडचे उदाहरण तर विनोदीच आहे. जनावराला माजावर आणणाऱ्या साखळीत आज ज्याला अग्रस्थान दिले जाते, त्या किसपेप्टिनचे नाव पेन्सिल्व्हेनियातील हर्शी या गावच्या चॉकलेटावरून पडले आहे. १९९६ मध्ये त्याचे जनुक तेथे सापडले, तेही कर्करोगाच्या संशोधनात. प्रजननाशी त्याचा संबंध २००३ मध्ये उघड झाला. अशा नावाचे संस्कृतीकरण करणाऱ्याच्या धाडसाचे कौतुक करावे, अनुकरण करू नये. क्रियेला मराठी शब्द, द्रव्याला परका शब्द, ही वाटणी व्यवहार्य आहे.

क्रियांच्या बाबतीत मराठीचा साठा किती उपयोगी पडतो, हे माजाच्या प्रश्नात दिसते. व्यालेली गाय वासरू पीत असेतो लवकर माजावर येत नाही, हे शेतकऱ्याला ठाऊक असते. त्याचे कारण ‘दूध ओढले जाते म्हणून अशक्तपणा’ असे तो देतो, आणि पुष्कळ पुस्तिकाही तेच देतात. खुराकाचा परिणाम खरा आहे; पण तो एकटा नाही. १९९० च्या दशकात अमेरिकेत झालेल्या प्रयोगांत कास काढून टाकलेल्या गायीही आपले वासरू जवळ असेपर्यंत माजावर येण्यास उशीर लावत असल्याचे दिसले. उलट दृष्टी आणि घ्राण ही दोन्ही बंद केली असता गायीला वासरू आपले की परके हे कळेनासे झाले, आणि पिणे चालू असूनही बीजोत्सर्ग रोखून धरणारा प्रभाव टिकला नाही. म्हणजे सडाला होणारा स्पर्श हे पुरेसे कारण नव्हे. ‘माझे वासरू’ ही ओळख मेंदूत नोंदली जाते. तेथील अफूसदृश द्रव्ये, विशेषतः व्यायल्यानंतरच्या आरंभीच्या आठवड्यांत, बीजकोशाला चेतवणाऱ्या संप्रेरकाच्या स्पंदांवर दाब ठेवतात, आणि ते स्पंद वारंवार येईनासे झाले की माज लांबतो. मराठीत ‘ओढ’ हा शब्द वासराच्या पिण्यालाही लागतो आणि मायेच्या ओढीलाही. शास्त्रीय लेखकाने असा द्व्यर्थी शब्द टाळावा हेच योग्य. परंतु तो टाळताना दुसऱ्या अर्थाने दाखवलेले कारणही त्याने टाकून दिले, हे योग्य नाही.

लोकज्ञानाची आणखी एक बाजू सांगितल्यावाचून हे विवेचन एकांगी राहील. वासरू मेले तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते गायीपुढे ठेवण्याची चाल होती. वास आणि रूप यांवर पान्हा अवलंबून आहे या निरीक्षणाचा तो उपयोग, करुण पण अहिंसक. त्याच निरीक्षणाचा दुसरा उपयोग म्हणजे फुंका. गायीच्या योनिमार्गात नळीने हवा फुंकून वा अन्य वस्तू घालून दूध उतरवण्याची ही क्रूर रीत. ती भारतापुरती नाही. हिरोडोटसने शक लोक घोडीच्या बाबतीत हाडाच्या नळ्यांनी हेच करीत असल्याचे लिहून ठेवले आहे. तिच्यामागील शरीरक्रिया फर्ग्युसन यांनी १९४१ मध्ये दाखवली: जननमार्ग ताणला गेला की मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटते. निसर्गात हे प्रसवाच्या वेळी घडते. फुंका त्या प्रसवाची रोज दोन वेळा फसवी नक्कल करते. गांधीजींनी दूध वर्ज्य केले त्यामागे या रीतीविषयीची घृणा होती, असे त्यांनी आत्मकथेत नमूद केले आहे. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक अधिनियमाच्या १२ व्या कलमाने फुंका दंडनीय ठरवली, आणि दूध वाढवण्यासाठी टोचलेले अपायकारक द्रव्यही त्याच कलमात गोवले.

कलमातील हा दुसरा भाग पुढे अधिक कामाचा ठरला. फुंकेची जागा सुईने घेतली. गोठ्यातल्या भाषेत या औषधाला ‘पान्हा सोडण्याचे इंजेक्शन’ म्हणतात, आणि हे नाव पुस्तकी वर्णनापेक्षा अधिक अचूक आहे: ते दूध वाढवण्याचे वचन देत नाही. केंद्र सरकारने २०१८ मध्ये ऑक्सिटोसिनचे खासगी उत्पादन बंद करून ते एका सरकारी कंपनीपुरते ठेवण्याची अधिसूचना काढली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबवण्यासाठी स्त्रियांना हेच औषध लागते. त्या वेळच्या चर्चेत दुधातून हे द्रव्य माणसाच्या शरीरात जाते, या भीतीचा बोलबाला झाला. पेप्टाइड वर्गातील हे द्रव्य जठरात पचून जाते, तेव्हा ती भीती फारशी साधार नव्हती. ज्या धोक्याविषयी पुरावा होता तो गायीचा होता. दीर्घकाळ रोज टोचल्यास गायीची स्वतःची पान्हवण्याची क्षमता मंदावते. टोचणी थांबताच दूध पूर्ण उतरत नाही, आणि मालक पुन्हा सुईकडे वळतो. ‘पान्हा मोडतो’ असे चार शब्दांत सांगता आले असते, आणि ते प्रत्येक गोठ्यात समजले असते. ‘दुग्धस्रावावर दीर्घकालीन विपरीत परिणाम’ या शब्दांत सांगितले तर वाचकाला वाटते दूध कमी बनेल, आणि कास तर भरलेली दिसते. म्हणून तो सांगणाऱ्यावर विश्वास ठेवत नाही.

‘पान्हा’ला पारिभाषिक पदवी देण्याविरुद्ध दोन आक्षेप घेतले जातात. एक, हा शब्द संतवाङ्मयामुळे भावनेने ओथंबलेला आहे. ईश्वराच्या वात्सल्याचे प्रतीक झालेला शब्द प्रयोगशाळेत कसा चालावा? आक्षेप निराधार नाही. शहरातील विद्यार्थ्याला पान्हा प्रथम कवितेत भेटतो आणि पुष्कळदा तेथेच राहतो. पण रूपकाने शब्दाचा मूळ अर्थ मरत नाही, तो वापरात ठेवला नाही तर मरतो. दुसरा आक्षेप व्याकरणाचा: तद्भव शब्दापासून विशेषणे आणि समास सहज होत नाहीत. ‘दुग्धस्रावी’, ‘दुग्धस्रावजन्य’, ‘दुग्धस्रावरोध’ अशी प्रजा ‘पान्हा’ला होत नाही. हे खरे आहे, आणि याच अडचणीपायी परिभाषाकार संस्कृताकडे धावतात. मात्र ‘पान्हवणे’ हे क्रियापद जिवंत आहे, त्यापासून ‘पान्हवलेली’, ‘न पान्हवणारी’, ‘पान्हवण्याचा काळ’ ही रूपे कोणी न शिकवता होतात. जेथे समासच हवा तेथे ‘प्रस्नव’ हा मूळ शब्द हाताशी आहे. ‘प्रस्नवरोध’ म्हणावे, आणि पहिल्या उल्लेखात ‘पान्हा न येणे’ असे सोबत लिहावे. तत्सम आणि तद्भव एकाच मुळाचे असल्यामुळे वाचक एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. ‘दुग्धस्राव’ आणि ‘पान्हा’ यांच्यात तसा रस्ताच नाही.

‘पान्हवण्याचा काळ’ हा प्रयोग विशेष उपयोगी पडेल, कारण सडाला हात लागल्यापासून दूध उतरेपर्यंतच्या अवधीला पुस्तकी मराठीत सुटसुटीत नाव नाही. गायीत हा अवधी साधारणतः एक ते दोन मिनिटांचा, कास भरलेली असेल तर त्याहून कमी. म्हशीत तो अधिक, आणि वरच्या पोकळीत दूध नसल्यामुळे तो संपेपर्यंत सड जवळजवळ रिकामे. यंत्राने धार काढणारा घाई करतो आणि रिकाम्या सडांवर निर्वात ओढ पडते. कोल्हापुरात गंगावेशीसारख्या ठिकाणी गिऱ्हाइकासमोर धार काढून देणारे गवळी पंढरपुरी म्हशींना दिवसातून अनेकदा, रहदारीच्या गोंगाटात, थोडे थोडे पान्हवतात. कागदी पिशव्यांनी बुजलेल्या त्या अमेरिकन गायींशी या म्हशींची तुलना शरीरविज्ञानाच्या अभ्यासकाने करावी; भाषाभ्यासकाने निदान त्या गवळ्यांजवळ बसून, एका धारेपासून दुसऱ्या धारेपर्यंत म्हशीच्या स्थितीला ते कोणकोणते शब्द लावतात, याची नोंद घ्यावी.